सहीसाठी आलेला भाचा

नव्वदच्या दशकात मी केडगावच्या पोस्टात कारकून होते आणि आमचे हे सुप्याच्या एमआयडीसीत फिटर. ह्यांना एक खोड होती, अजूनही आहे. कुणाचं काही अडलं की त्याला घरी घेऊन यायचं, त्याची अडचण माझ्या पुढ्यात ठेवायची आणि स्वतः चहाची वाट बघत बसायचं. वर म्हणायचे, "तू पोस्टात आहेस ना." जणू नोकरी लागताना पोस्टवाले आमच्याकडून साऱ्या जगाच्या भानगडी निस्तरायची शपथ घेतात.

तर एका संध्याकाळी हे पोलंडचा माणूस घेऊन आले. फॅक्टरीत नवं मशीन आलं होतं आणि ते बसवायला हा इंजिनियर तीन महिन्यांसाठी आला होता. पन्नाशीचा, उंच, मिशीवाला, कान उन्हानं भाजून लाल झालेले. त्याचं आडनाव मी इथे लिहीत नाही. एक तर परवानगी घेतलेली नाही, आणि दुसरं म्हणजे मला ते कधी धड म्हणताच आलं नाही. त्यातली अक्षरं एकाला एक अशी खेटून उभी की मधे श्वास घ्यायला जागा नाही. फॅक्टरीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी नाद सोडला आणि त्याला नुसतं 'पाहुणे' म्हणायला लागले. मीही तेच म्हणते.

पाहुण्यांना टेलिफोन डिरेक्टरी हवी होती. त्यांचं इंग्रजी मोडकं, आणि ह्यांचं मशीनच्या पुस्तकातलं. त्यात 'घट्ट करा', 'सैल करा' आणि 'धोका' एवढं पक्कं. त्यामुळे डिरेक्टरी कशाला हवी हे समजायला दोन कप चहा गेला. शेवटी कळलं ते असं की हा माणूस ज्या देशात कामाला जाईल तिथे आधी डिरेक्टरी मागतो आणि तीत स्वतःचं आडनाव शोधतो. मी पोस्टातली डिरेक्टरी घरी आणली. पाहुण्यांनी जिभेला बोट लावत सगळी पानं पालथी घातली. आपल्याकडची आडनावं मैलोन् मैल पसरलेली, त्यांचं एकही नाही. त्यांनी सुस्कारा टाकला आणि पिशवीतून एक जाडजूड वही काढली.

वहीत देश होते. अमेरिकेला पानंच्या पानं, त्यात एका मोठ्या सरोवराकाठच्या शहरातच इतके आडनावबंधू की त्यांचं एक वेगळं गाव वसावं. मग फ्रान्सच्या कोळशाच्या खाणींकडचे, जर्मनीतले, दक्षिण ब्राझीलमध्ये शेतीला गेलेले, लढाईनंतर इंग्लंडातच राहिलेले. काहींनी परदेशात आडनावाची शेपटी कापून टाकलेली, तीही पाहुण्यांनी शोधून काढलेली. प्रत्येक देशापुढे किती माणसं तो आकडा. भारत म्हणून एक ओळ होती आणि तिच्यापुढे शून्य.

आडनाव आलं कुठून तेही त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एक नदी, नदीकाठी एक गाव. त्या गावचा कुणीतरी पूर्वज शेजारच्या शहरात पोटापाण्याला गेला, आणि तिथले लोक त्याला अमक्या गावचा, अमक्या गावचा म्हणायला लागले. झालं, तेच आडनाव. ह्यांना एवढा आनंद झाला की हे उठून उभेच राहिले. म्हणजे आपल्या 'कर'सारखंच की, म्हणाले. पाहुण्यांनी मान हलवली आणि वर सांगितलं की आज त्या मूळ गावात मात्र त्या आडनावाचं एकही घर नाही. मला त्याचं काही नवल वाटलं नाही. गावात बसून राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतो? ते लागतं ते गाव सोडल्यावरच.

मग पाहुण्यांनी आमचं आडनाव विचारलं, आणि ते लावणारे आणखी कुठे कुठे आहेत तेही. आमच्या घराण्याचं जुनं आडनाव सांगितलं की ऐकणाऱ्याला पहिल्या श्वासातच कळायचं, आमची घरं गावाच्या कुठल्या बाजूला ते. दीक्षा घेऊन किती वर्षं झाली तरी लोकांच्या नजरेतून ती बाजू जाईना. म्हणून सासऱ्यांनी राजपत्रात छापून गावाच्या नावावरून नवं आडनाव घेतलं होतं. हे पाहुण्यांना म्हणाले, आमचं आडनाव आमच्यापासूनच सुरू होतं. मला वाटलं, आता पुढचे प्रश्न येणार. पण पाहुण्यांनी कौतुकानं वहीचं मागचं पान उघडलं, आमचं आडनाव लिहिलं आणि पुढे आमच्या घरातल्या माणसांचा आकडा टाकला, सहा. आमच्याकडे आडनाव विचारतात ते माणूस कुठे बसवायचा ते ठरवायला. ह्या माणसानं विचारलं आणि फक्त मोजलं. मला तो तेव्हाच आवडला, खोटं कशाला बोलू.

माझं माहेरचं आडनाव काही कुणी विचारलं नाही. बायकांचं कोण विचारतो! माझं लग्न बौद्ध पद्धतीनं, वंदना म्हणून लागलं, जुनं काही नको असं सासरे मोठ्या ठसक्यात म्हणाले होते. पण घरात पाऊल ठेवलं आणि सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे केलंच. ह्यांनी त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. ह्यांचं अक्षर असलं दिव्य की माझं नाव नक्की काय ठेवलंय ते मला दोन दिवस कळलं नव्हतं. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला, आणि तो मीच केला.

दुसऱ्या खेपेला आले तेव्हा पाहुण्यांनी खरी गोष्ट काढली. त्यांच्या वडलांना एक धाकटी बहीण होती. दुसऱ्या महायुद्धात घरं उधळली तेव्हा हे वडील सैन्यात गेले आणि ती पोरगी निर्वासितांबरोबर फिरत फिरत हिंदुस्थानात आली. कोल्हापूरजवळ त्यांची छावणी होती. लढाई संपली, छावणी उठली, सगळे आपापल्या वाटेनं गेले, आणि ही मागे राहिली. छावणीत भाजीची लॉरी घेऊन येणाऱ्या नगरकडच्या एका ड्रायव्हरशी तिनं लग्न केलं. तिचं तसं पत्र भावाला गेलं आणि भावाचं तिला उत्तर आलं. त्यानंतर दोन्हीकडून काही नाही.

त्या एकुलत्या एका पत्राचं पाकीट पाहुण्यांनी माझ्यासमोर ठेवलं. आतलं पत्र कधीच गहाळ झालेलं, म्हणून पत्ता नाही, गावाचं नाव नाही, फक्त पोस्टाचा शिक्का. त्यातलं 'अहमदनगर' वाचता येत होतं, बाकी शाईचा डाग. हे म्हणाले, हिला वाचता येईल, ही पोस्टात आहे.

मला वाचता आला. वीस वर्षं शिक्के मारले की शिक्क्याचा घेर आणि अर्धं अक्षर पाहूनही ऑफिस कळतं. ते पत्र घोडेगावच्या अंगाला पडलेलं होतं, शिंगणापूरच्या बाजूला. पण मी पाकीट उलटसुलट केलं, उजेडात धरलं आणि नाही कळत म्हणून परत दिलं.

का, ते सांगते. आमच्या जिल्ह्यात पन्नास वर्षांनी भावाला बहीण आठवली तर त्याचं एकच कारण असतं. सही. बापाच्या जमिनीवर मुलींचीही नावं लागतात, आणि मग भाऊ साडीचोळी घेऊन येतो, दोन दिवस ताई ताई करतो आणि तिसऱ्या दिवशी हक्कसोडपत्र पुढे करतो. माझ्या भावानंही तेच केलं होतं. चार वर्षं भाऊबीजेला फिरकला नाही, आणि आला तो कागद घेऊनच. दीड एकर कोरडवाहू होती, मला ती नकोच होती. पण साडी नेसून मी आरशात बघत होते तेव्हाच त्यानं पेन पुढे केलं, ते मला अजून सोसत नाही. तेव्हा पोलंड असो नाहीतर पारनेर, माणसाची जात एकच, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तोंड मिटून बसले.

पुढचे दोन रविवार हे पाहुण्यांना घेऊन नगरभर हिंडले. ख्रिस्ती माणूस म्हणजे चर्चमध्ये नोंद असणार, मेली असेल तर दफनभूमीत दगड असणार, असा ह्यांचा हिशेब. दोघं भर उन्हात कबरींवरची नावं वाचत फिरायचे आणि संध्याकाळी धुळीनं माखून, तोंड पाडून माझ्या दारात यायचे. मी पाणी द्यायचे, मागोमाग शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. पाहुणे दोन्ही हात जोडून जेवायचे. मी भाकरीचं टोपलं पुढे सरकवून आत निघून जायचे.

तिसऱ्या रविवारी माझ्यानं राहवेना. मी ह्यांना म्हटलं, विचारा त्यांना, तिकडे जमीन किती आहे. हे म्हणाले, काहीतरीच काय. मी म्हटलं, विचारा. पाहुण्यांना प्रश्न कळायला वेळ लागला, आणि कळला तेव्हा ते हसायलाच लागले. जमीन कधीच गेली होती. वडील एका मोठ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होते. वय ऐंशीच्या पुढे, पायांनी जवळजवळ अधू. दर रविवारी मुलगा जिथे असेल तिथून फोन करतो, वही उघडतो आणि नवी नावं वाचून दाखवतो. म्हातारा सगळं ऐकून घेतो, अमेरिका, ब्राझील, सगळं. आणि शेवटी एकच विचारतो, "भारत?" मुलगा म्हणतो, शून्य. मग फोन संपतो.

म्हणजे ती सगळी वही ह्या एका ओळीसाठी होती. मी विचारलं, भावानं बहिणीला त्या उत्तरात लिहिलं तरी काय होतं. पाहुण्यांनी वही मिटली आणि सावकाश, एक एक शब्द शोधत सांगितलं. लिहिलं होतं की त्या माणसाशी लग्न केलंस, आता आपलं नाव लावू नकोस. "आता वडील म्हणतात, मी ते तिच्याकडून काढून घेतलं. मरायच्या आत परत द्यायचं आहे."

मी उठून आत गेले, पदरानं तोंड पुसलं, बाहेर आले आणि सांगितलं की मला शिक्का पहिल्या दिवशीच कळला होता. पाहुण्यांनी ते पाकीट पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कसं होतं ते मी लिहीत नाही, संसार अजून चालू आहे.

दुसऱ्याच दिवशी मी टपालाच्या थैलीबरोबर तिकडच्या पोस्टमनला चिठ्ठी धाडली. दोन दिवसांत उत्तर आलं. गोरी, निळ्या डोळ्यांची म्हातारी आहे, शिंगणापुरातच आहे, लॉरी ड्रायव्हर नवरा वारून बारा वर्षं झाली, आणि सगळं गाव तिला मडमआजी म्हणतं. हे दोघं इकडे कबरी वाचत होते आणि ती तिकडे नातवंडं खेळवत होती. डिरेक्टरीत कुठून सापडणार! नाव सासरचं, आडनाव सासरचं. बाई शोधायची आणि तिच्या माहेरच्या आडनावानं, हे फक्त पुरुषांनाच सुचू जाणे.

पुढच्या रविवारी फॅक्टरीची जीप मिळाली आणि आम्ही तिघं निघालो. म्हातारीच्या मुलाचं देवळाच्या वाटेवर तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान होतं. आम्ही कोण ते विचारायच्या आत त्यानं पाहुण्यांच्या एका हातात तेल दिलं, दुसऱ्या हातात माळ, आणि अंघोळीला कुठे जायचं तेही दाखवलं. पाहुण्यांनी निमूट शर्टाची दोन बटणं सोडली होती. मी घाईनं सांगितलं की हे दर्शनाला नाही, तुमच्या आईला भेटायला आलेत, तिच्या भावाचा मुलगा आहे. पोस्टमननं आधी कानावर घातलं असावं, कारण त्याचा चेहरा लगेच बदलला. मामांनी धाडलं व्हय, म्हणाला, मग कागद आनला आसंल. मी मनात म्हटलं, चला, माझ्यासारखे आणखी आहेत.

शिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. पाहुणे टकटक करायला हात वर करून उभे, आणि हाताला लागायला काहीच नाही, नुसता पडदा. आत म्हातारी सुपात तूर पाखडत बसली होती. नऊवारी लुगडं, उन्हानं रापलेले हात, डोक्यावर पदर. डोळे तेवढे निळे. पाहुणे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले; आत्या म्हटलं असणार. म्हातारीचं सूप थांबलं. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं, मिशीकडे, कानांकडे, आणि मग मान फिरवून माझ्याशी बोलली. मला न्हाई येत आता ती भाषा, म्हणाली, काय म्हनतोय ते तूच सांग.

आता आली का पंचाईत. आत्या पोलंडची, भाचा पोलंडचा, आणि मधे दुभाषे आम्ही दोघं नगरचे. ती मराठीत बोलायची, मी ते शुद्ध करून ह्यांना सांगायचे, हे त्याचं 'घट्ट करा, सैल करा'मधून इंग्रजी करायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे. तिनं विचारलं, भाऊ हाय का. आहे म्हटल्यावर पुन्हा तूर पाखडायला लागली. तूर जमिनीवर सांडत होती, पण थांबेना.

आणि नेमकं तेव्हाच पाहुण्यांनी पिशवीतून वही काढली, भारताच्या ओळीवर उघडली आणि पेन तिच्यापुढे धरलं. अगदी तसंच धरलं होतं पेन, माझ्या भावानं धरलं होतं तसं. मुलगा चौकटीत उभा होता, तो पुढे सरकला. म्हातारीनं त्याला हातानंच थांबवलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"पन्नास वर्सांनी भावाला भैन आठवली म्हंजे सहीच पायजे," ती म्हणाली. "आन हिकडं. देते सोडून."

तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दमून म्हटलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिचा हात धरला. म्हटलं, "आजी, ही सही सोडायची नाही. ही नाव लावायची आहे. तुमच्या भावानं तुमचं नाव लावायला पाठवलंय."

तिला कळलं. आमच्याकडे नाव लावणं म्हणजे काय ते शेतकऱ्यांच्या गावात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. तिनं त्या ओळीकडे बघितलं, तिथल्या शून्याकडे. मग म्हणाली, "त्यानंच लिव्हलं हुतं, आमचं नाव लावू नगं म्हून. मी न्हाई लावलं. पोराला बी न्हाई सांगितलं." मुलगा खाली बसला. त्याला आईचं माहेरचं आडनाव माहीत नव्हतं, चाळीस वर्षांच्या माणसाला. त्याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं आणि आता वाटत होतं.

म्हातारीनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं, पण हात पुढे जाईना. बोटांना सवय राहिली न्हाई, म्हणाली, आणि सुनेला हाक मारून ताटात तांदूळ आणायला सांगितलं. सून गोंधळली, पण घेऊन आली. म्हातारीनं तळव्यानं तांदूळ सारखा केला. तिच्याही लग्नात असंच ताट आलं असणार, लॉरीवाल्यानं असंच नवं नाव लिहिलं असणार. तिनं बोट टेकलं. पहिलं अक्षर, दुसरं, तिसऱ्याला अडली. पुसून टाकलं. पाहुणे मदतीला वाकले, तर तिनं त्यांच्या हातावर चापट मारली. पुन्हा सुरुवात केली आणि ह्या खेपेला थांबली नाही. आधी आईबापांनी ठेवलेलं नाव, मग आडनाव. ते लांबलचक आडनाव ताटात मावेना. शेवटची अक्षरं तिला काठाकाठानं वळवून घ्यावी लागली.

पाहुण्यांनी ते पाहून वहीत उतरवलं. शून्य खोडलं, एक लिहिलं. मग कॅमेऱ्यानं ताटाचा फोटो काढला, ताट धरलेल्या म्हातारीचा काढला, आणि डोळे पुसायला बाहेर जाऊन उभे राहिले. ह्यांनाही अचानक जीप बघायची आठवण झाली. मी तिथेच बसून रडले, मला जीप नव्हती.

तेवढ्यात म्हातारी चौकटीकडे तोंड करून मोठ्यानं काहीतरी बोलली. मराठी नव्हतं. पाहुणे पडदा बाजूला सारून धावत आत आले, आणि मग दोघं बोलायलाच लागले, अडखळत, एकमेकांचे शब्द दुरुस्त करत. आमची दुभाष्यांची नोकरी सुटली. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मधेच तिनं ते ताट उचलून सुनेच्या हातात दिलं आणि तांदूळ धुऊन भात लावायला सांगितला. पाहुणे घाबरले, नाव जाईल म्हणाले. ती म्हणाली, लिव्हून घेतलंस न्हवं, मग अन्न कशाला नासायचं. त्या आडनावाचा भात आम्ही सगळ्यांनी आमटीबरोबर खाल्ला, आणि ह्यांनी दोनदा मागून घेतला.

दोन महिन्यांनी पोलंडहून पत्र आलं. पाहुण्यांनी लिहिलं होतं की फोटो हातात द्यायचा म्हणून फोनवर त्यांनी मुद्दाम शून्यच सांगितलं, आणि घरी पोचल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी वडलांसमोर वही उघडली. वडलांनी अमेरिका ऐकली, ब्राझील ऐकलं आणि नेहमीसारखं विचारलं, भारत? मुलगा म्हणाला, एक. म्हातारा फोटो हातात घेऊन ताटाच्या काठावरची अक्षरं बोटानं वाचत राहिला. मग म्हणाला, परत मोज. मुलानं परत मोजलं.